भांग पोटात गेली, तर लपवू नका

रंगपंचमीला मित्राने पुढे केलेली थंडाई मुलगा पितो. अर्धा तास काहीच होत नाही, म्हणून दुसरा ग्लास घेतो. इथेच घात होतो. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो; पोटात गेलेल्या भांगेला मात्र अर्धा ते दोन तास लागतात आणि तिचा असर सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त राहतो.

मग छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, ‘आता मी वाचत नाही’ असे वाटते. अशा वेळी ओरडू नका. शांत खोलीत कुशीवर निजवा, जवळ बसा, ‘उतरेल’ असा धीर द्या. शुद्धीवर असेल तर घोट-घोट पाणी द्या. मोटारसायकलची चावी काढून घ्या. लोणचे-लिंबू कोंबून उलटी करवू नका. गुंगीत ती श्वासनळीत जाऊ शकते. झोपेची गोळीही नको.

छातीत दुखणे, झटके, धाप, सतत उलट्या, भ्रम किंवा हाक मारूनही जाग न येणे दिसताच 108 ला फोन करा. लहान मुलाने खाल्ले असेल तर लक्षणांची वाटच पाहू नका. आपल्या जत तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवरून जतचे सरकारी रुग्णालय गाठायलाही वेळ लागतो. मिरज-सांगली तर आणखी लांब. डॉक्टरांना काय, किती आणि केव्हा घेतले ते खरे सांगा.

नशा हराम आहे, यात शंका नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दार लावून बसणे हा इलाज नव्हे. आधी जीव वाचवा. नसीहत दुसऱ्या दिवशी, मायेने करा.