शाळेची मधली फळी

शाळा सुधारण्याची चर्चा निघाली की दोन माणसे डोळ्यांसमोर येतात : कार्यालयात बसलेले मुख्याध्यापक आणि वर्गात फळ्यासमोर उभे असलेले शिक्षक. या दोघांच्या मध्ये आणखी कोणी असते, आणि वर्गातील अध्यापनाचा कस पुष्कळदा त्या मधल्या माणसावर अवलंबून असतो, ही गोष्ट क्वचितच बोलली जाते. इंग्लंडमध्ये आपली मुले ज्या शाळांत शिकतात, तेथे ही मधली फळी घडवण्याचा प्रयत्न गेली वीस-पंचवीस वर्षे चालू आहे. त्या प्रयत्नाला फळ आले आहे, तसेच त्यात खाचखळगेही आहेत. जयंतीच्या निमित्ताने गावाकडच्या शाळांना निधी पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो समजून घेतला पाहिजे. आपल्या पैशाने वर्गखोल्या उभ्या राहतात, संगणक येतात, वह्या-पुस्तके मिळतात. त्या साऱ्याची गरज आहेच. तरीही वर्गातले शिकवणे कशाने सुधारते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मधली माणसे कोण?

इंग्लंडच्या माध्यमिक शाळेत गणित, विज्ञान, इंग्रजी अशा प्रत्येक विषयाला एक विभागप्रमुख असतो. एका इयत्तेतील सर्व मुलांची काळजी वाहणारा वर्षप्रमुख असतो. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांसाठी एक समन्वयक असतो. प्राथमिक शाळेत एखादी वर्गशिक्षिकाच साऱ्या शाळेच्या वाचनाची किंवा गणिताची जबाबदारी सांभाळते. या सर्वांचे वैशिष्ट्य असे, की ते स्वतः रोज वर्गावर शिकवतात आणि त्याच वेळी सहकाऱ्यांच्या अध्यापनाची जबाबदारीही वाहतात. २००६ पासून अशा कामासाठी शिक्षकांना पगाराखेरीज स्वतंत्र भत्ता देण्याची पद्धत तेथे आहे.

या मधल्या माणसांकडे इतके लक्ष देण्याचे कारण पालकांनाही नीट उमजण्यासारखे आहे. चांगली शाळा आणि वाईट शाळा अशी विभागणी आपण सहज करतो. परंतु २००० सालापासून होत आलेल्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीने ब्रिटनबद्दल दाखवले, की दोन शाळांमधील फरकापेक्षा एकाच शाळेतील विद्यार्थ्यांच्या यशातील फरक कितीतरी मोठा असतो. या फरकाला घरची परिस्थिती कारणीभूत असते, तशीच कोणाच्या वाट्याला कोणता शिक्षक आला हीही गोष्ट असते. मग प्रश्न असा पडतो, की एका वर्गातले उत्तम शिकवणे शेजारच्या वर्गात पोचवायचे कोणी? मुख्याध्यापकाला एकट्याने प्रत्येक विषयात डोके घालता येत नाही. शेजारच्या वर्गातला शिक्षक स्वतःच्या तासात गुंतलेला असतो. हे काम दोघांच्या मधल्या माणसाचेच आहे.

इंग्लंडने काय केले?

सन २००० मध्ये तेथील सरकारने शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय महाविद्यालय स्थापन केले. आरंभी त्याचा भर मुख्याध्यापकांवर होता, पण काही वर्षांतच विभागप्रमुखांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. २००३ ते २०११ या काळात राबवलेल्या 'लंडन चॅलेंज' योजनेत चांगल्या शाळांतील अनुभवी माणसे अडचणीतल्या शाळांच्या मदतीला पाठवली गेली. त्या काळात लंडनमधील गरीब घरांतल्या मुलांचे निकाल देशाच्या इतर भागांतील तशाच मुलांपेक्षा पुष्कळ पुढे गेले. या यशाचे श्रेय कशाकशाला द्यावे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्राथमिक शाळांतील आधीची सुधारणा आणि स्थलांतरित कुटुंबांची शिक्षणाविषयीची ओढ हीदेखील कारणे सांगितली जातात. म्हणून सारे यश एका योजनेच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही.

२००८ मध्ये गरीब वस्त्यांतील शाळांच्या विभागप्रमुखांना घडवण्यासाठीच 'टीचिंग लीडर्स' ही संस्था निघाली. २०२१ मध्ये सरकारने मधल्या फळीच्या प्रशिक्षणाची फेरमांडणी केली. त्याआधी मधल्या नेतृत्वासाठी एकच सर्वसाधारण प्रमाणपत्र होते. त्याऐवजी विषयाचे अध्यापन, वर्तन व शालेय संस्कृती, आणि इतर शिक्षकांचा विकास अशा नेमक्या कामांची वेगवेगळी प्रमाणपत्रे आली. या बदलामागील विचार महत्त्वाचा आहे. 'नेतृत्व' नावाचा कोणताही सर्वसाधारण गुण हवेत शिकवता येत नाही. गणिताच्या प्रमुखाला गणित कसे शिकवले जाते याचे सखोल ज्ञान असल्याखेरीज त्याचे नेतृत्व पोकळ ठरते.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

एक उदाहरण घेऊ. समजा, सहावीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज जमत नाही. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे उत्तर अनेक मुले लिहितात. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खाली. सर्वसाधारण शाळेत प्रत्येक शिक्षक आपापल्या परीने हा प्रश्न सोडवतो किंवा सोडून देतो. जाणत्या विभागप्रमुखाच्या हाताखाली काय होते? तो सर्व शिक्षकांना एकत्र बसवतो आणि मुलांच्या वह्या समोर ठेवून चूक नेमकी कोठे उगवते हे पाहायला लावतो. उत्तर अर्ध्यापेक्षाही लहान आले, हे मुलांच्या लक्षात कसे आणून द्यावे, याची मांडणी तो स्वतः करून दाखवतो. मग प्रत्येक शिक्षक तेच स्पष्टीकरण सहकाऱ्यांसमोर एकदा करून पाहतो. त्या आठवड्यात प्रमुख प्रत्येकाच्या तासाला दहा-पंधरा मिनिटे बसतो आणि नंतर एकच नेमकी सूचना देतो. तीन आठवड्यांनी सारे पुन्हा वह्या घेऊन बसतात.

या क्रमात विशेष असे काहीच दिसत नाही, पण त्यामागे अभ्यास आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने २०२१ मध्ये शिक्षक-विकासावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. परिणामकारक प्रशिक्षणाचे चौदा घटक तीत चार गटांत मांडले आहेत : ज्ञान वाढवणे, उमेद जागवणे, अध्यापनाची तंत्रे अंगी आणणे आणि ती सवयीत मुरवणे. आपल्याकडची बहुतेक शिक्षक-प्रशिक्षणे पहिल्या गटापाशीच थांबतात. सभागृह, भाषण, प्रमाणपत्र, संपले. उरलेले तीन गट एका दिवसाच्या शिबिरात साधत नाहीत. त्यांना रोज शाळेत असणारा माणूस लागतो.

न्यूझीलंडच्या संशोधिका व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेतृत्वाविषयीच्या अनेक अभ्यासांची छाननी केली, तेव्हाही हेच आढळले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणारे आणि त्यात स्वतः सहभागी होणारे नेतृत्व विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी सर्वाधिक जोडलेले होते. आमच्यापैकी जे संगणक क्षेत्रात काम करतात त्यांना याचे नवल वाटणार नाही. आमच्या व्यवसायात नवखा माणूस कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याच्या भाषणाने तयार होत नाही. त्याने लिहिलेला कोड रोज वाचणारा, एखादी ओळ दाखवून 'हे असे का केले?' असे विचारणारा ज्येष्ठ सहकारी त्याला घडवतो. मात्र तो ज्येष्ठ स्वतः कोड लिहिणे सोडून फक्त तक्ते भरू लागला, की त्याचा शब्द हलका होतो.

घडी कोठे विस्कटते?

नेमका हाच धोका इंग्लंडच्या शाळांतही आहे. मधल्या माणसाला वरून दाब येतो आणि तो हळूहळू वरच्यांचा पहारेकरी बनतो. सहकाऱ्यांच्या वह्या तपासायच्या, तासाला श्रेणी द्यायची, अहवाल वर पाठवायचा. तासाला श्रेणी देण्याची पद्धत इतकी अविश्वसनीय ठरली, की ऑफस्टेड या तपासणी यंत्रणेने २०१४ पासून एकेका तासाला श्रेणी देणे बंद केले. २०१९ च्या नव्या तपासणी पद्धतीत निरीक्षक विषयप्रमुखांशी सविस्तर बोलू लागले. त्यामुळे विषयाला महत्त्व आले. परंतु लहान प्राथमिक शाळांत एकाच शिक्षिकेवर तीन-तीन विषयांची कागदपत्रे तयार ठेवण्याचा भार पडला.

दुसरी अडचण वेळेची. इंग्लंडमध्ये २००५ पासून प्रत्येक शिक्षकाला अध्यापनाच्या वेळेच्या किमान दहा टक्के वेळ पूर्वतयारीसाठी राखीव मिळतो, आणि तो आकडा ठरलेला आहे. नेतृत्वाची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला मात्र 'वाजवी' वेळ द्यावा, एवढेच नियम म्हणतो. वाजवी म्हणजे किती, हे शाळेच्या तिजोरीवर ठरते. पद दिले, भत्ता दिला, पण वेळ दिला नाही, तर मधला माणूस थकतो आणि सहकाऱ्याच्या वर्गात जाणे हेच काम सर्वांत आधी मागे पडते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांवरील देखरेखीच्या दुबळेपणावर बोट ठेवले होते. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा शाळेला भेट दिल्याने फारसे काही साधत नाही, निदान तिमाहीला तरी तपासणी व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, हा आग्रहही त्याच निवेदनात आहे. वर्षाकाठी येणाऱ्या पाहुण्याच्या भरवशावर शिकवणे सुधारत नाही, हे त्यांनी तेव्हाच जाणले होते.

महाराष्ट्रात १९९४ पासून केंद्रप्रमुखाचे पद आहे. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र आणि त्याला एक अनुभवी प्रमुख, ही मूळ कल्पना अतिशय शहाणपणाची होती. शाळांना वारंवार भेटी द्याव्यात, आदर्श पाठ घ्यावेत, दरमहा शिक्षण परिषद भरवून शिक्षकांना अनुभवांची देवाणघेवाण करू द्यावी, असे त्याचे काम ठरले. पण पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. जे पदावर आहेत त्यांचा वेळ माहिती गोळा करण्यात, पोषण आहाराच्या नोंदींत आणि ऑनलाइन तक्ते भरण्यात जातो. माध्यमिक शाळांतील पर्यवेक्षकाचीही बहुधा तीच गत होते : वेळापत्रक, गैरहजर शिक्षकाच्या तासाची सोय, शिस्त. पद शिल्लक आहे, पदाचा आत्मा निसटला आहे.

हे बदलणे भारतात अशक्य नाही. दिल्ली सरकारने २०१६ मध्ये सरकारी शाळांतील सुमारे दोनशे शिक्षकांना मार्गदर्शक शिक्षक म्हणून निवडले आणि पुढे प्रत्येक शाळेत शिक्षक-विकासाचा एक समन्वयक नेमला. ते बाहेरचे तज्ज्ञ नव्हते, शिक्षकांमधूनच आलेले होते. केंद्राच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण असावे असे म्हटले आहे. ते पन्नास तास भाषणे ऐकण्यात घालवायचे की एकमेकांच्या वर्गात, हे ठरवणारा माणूस पुन्हा मधलाच.

आपण काय करू शकतो?

जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोणाची मुले उरली आहेत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्यांना खाजगी शाळेची फी परवडत नाही, ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, अशा घरांतली ती मुले आहेत. आपल्यापैकी अनेकांनी अशाच शाळेतून पहिले पाऊल टाकले. त्या मुलांच्या बाबतीत शिक्षकाचा तास वाया गेला, तर त्याची भरपाई शिकवणी लावून होत नाही. म्हणून पुढील वर्षाचा निधी ठरवताना तीन सूचना सभासदांपुढे ठेवतो.

पहिली, एखाद्या संस्थेच्या शाळेला मदत करताना एका अनुभवी शिक्षकाचा वेळ मोकळा करण्यासाठी पैसा द्यावा. आठवड्यातून एक अर्धा दिवस त्याचे तास घेण्यासाठी अर्धवेळ शिक्षक नेमला, तर तो सहकाऱ्यांच्या वर्गांत बसू शकेल. हा खर्च संगणक कक्षापेक्षा कमी आहे आणि पाच वर्षांनी तो जुना होऊन अडगळीत पडत नाही.

दुसरी, आपल्यातील जे सभासद येथील शाळांत शिकवतात त्यांनी गावाकडच्या अशा एखाद्या शिक्षकाशी महिन्यातून एकदा ऑनलाइन बोलावे. उपदेश करण्यासाठी नव्हे, तर दोघांनी एकच घटक समोर ठेवून मुले कोठे अडतात हे पाहण्यासाठी. मराठी शाळेतला शिक्षक साठ मुलांच्या वर्गात जे साधतो त्यातूनही येथल्या शिक्षकाला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तिसरी सूचना येथल्याच शाळांविषयी. इंग्लंडमध्ये मुख्याध्यापकांत अल्पसंख्य वंशांच्या व्यक्तींचे प्रमाण शिक्षकांतील त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी आहे. वर जाण्याची शिडी मधल्या पायरीवरूनच जाते. आपल्यातील शिक्षकांनी विभागप्रमुखपदासाठी संकोच न करता अर्ज करावा. पालकांनी शाळेच्या नियामक मंडळावर यावे. त्यासाठी शिक्षक असण्याची अट नाही. मंडळावर बसल्यावर परीक्षेच्या निकालांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : या शाळेत विषयप्रमुखाला सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसायला आठवड्यातून किती वेळ मिळतो?

हाच प्रश्न निधी मागणाऱ्या गावाकडच्या शाळेलाही विचारायचा आहे. उत्तर 'अजिबात नाही' असे आले, तर त्या शाळेला मदत नाकारायची नाही. आपल्या मदतीची सुरुवात तेथूनच करायची.