टिडलीविकीचा फिल्टर: ओळी मोडा, पण कंस सांभाळून

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरमध्ये मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला टिपून ठेवण्यासारखं बरंच असतं: बीम कधी आलं, तागे किती उतरले, कुणाकडे बिल अडकलंय. अशा नोंदींसाठी टिडलीविकी मला फार सोयीची वाटते. जेरेमी रस्टन यांनी ती 2004 मध्ये आणली. सगळी वही एकाच फाइलमध्ये मावते, ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट नसलं तरी चालते आणि फुकट आहे. हव्या त्या नोंदी निवडायच्या त्या फिल्टरने, आणि नेमकं तिथेच माणसं अडतात.

फिल्टर एकाच ओळीत लिहावा लागतो, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. प्रत्यक्षात चौकटी कंसात बंद झालेल्या एकेका तुकड्याला ‘रन’ म्हणतात, आणि दोन रनांच्या मध्ये मोकळी जागा असो की नवी ओळ, उत्तर तेच येतं. व्हेरिएबलच्या व्याख्येत पहिल्या ओळीवर फक्त नाव आणि गोल कंस लिहावेत, खाली ओळीला एक रन ठेवावा आणि शेवटी ‘एंड’ची ओळ द्यावी. महिन्याभराने पाहिलं तरी फिल्टर वाचता येतो.

म्हणून कुठेही ओळ मोडावी, असं मात्र नाही. रनच्या आत एकेक पायरी असते: ऑपरेटर, म्हणजे करायच्या कामाचं नाव, आणि त्याचा कंस. 5.3 आवृत्तीत दोन पायऱ्यांच्या मध्ये ओळ मोडली किंवा जागा सोडली की ती पुढच्या ऑपरेटरच्या नावातच धरली जाते. तसा ऑपरेटर नसतो, म्हणून टिडलीविकी ते एखाद्या फील्डचं नाव समजते. चूक झाल्याचं कुठेच दिसत नाही, यादी नुसती रिकामी येते.

मग एका रनचे दोन केले जातात, आणि खरा घोळ इथे होतो. (खालच्या उदाहरणांतले टॅग, गेट, सम हे शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकायचे.)

[टॅग[बिल]टॅग[थकीत]]

यात दोन्ही टॅग असलेल्या नोंदीच येतात. तोच फिल्टर असा मोडला तर?

[टॅग[बिल]]
[टॅग[थकीत]]

आता यांपैकी कोणताही एक टॅग असलेली प्रत्येक नोंद येते. दुसऱ्या रनच्या आधी अधिकचं चिन्ह दिलं, की तो पहिल्याचा निकाल हातात घेऊन त्यातूनच निवडतो.

पैशांच्या बाबतीत तर आणखी जपायला हवं. एकाच क्वालिटीचं, तेवढ्याच मीटरचं कापड दिलं की बिलं सारखीच होतात. समजा तीन बिलं आहेत: 12,400, 12,400 आणि 9,800.

[टॅग[बिल]गेट[रक्कम]]
+[सम[]]

दिसायला सुटसुटीत आहे, पण उत्तर 22,200 येतं. रन संपताना सारख्या किमती एकच धरल्या जातात, त्यामुळे एक बिल गळतं. पहिल्या रनआधी बरोबरचं चिन्ह द्या किंवा बेरीज त्याच रनमध्ये करा, म्हणजे 34,600 मिळतील. रक्कम फील्डमध्ये लिहिताना 12400 अशी, स्वल्पविराम न देता लिहावी. ती देवनागरी अंकांत, म्हणजे १२४०० अशी लिहिली तर टिडलीविकी तिला शून्य समजते.

म्हणून मराठी वापरूच नये, हा निष्कर्षही चुकीचा. शीर्षकं आणि टॅग मराठीत चालतातच, 5.2.0 पासून फील्डचं नावही ‘रक्कम’ ठेवता येतं. त्याहून मोलाची सोय 2023 मध्ये 5.3.0 ने दिली: फंक्शन. त्याच्या नावाची सुरुवात टिंबाने केली की ते फिल्टरमध्ये ऑपरेटरसारखं वापरता येतं. ‘.थकबाकी’ नावाच्या फंक्शनमध्ये [टॅग[थकीत]गेट[रक्कम]सम[]] एकदाच लिहून ठेवलं, की पुढे सगळीकडे एवढंच पुरतं:

[टॅग[बिल].थकबाकी[]]

लांब रन तोडण्यापेक्षा मला हाच मार्ग पटतो. कंस जिथल्या तिथे राहतात, आणि हिशोब पाहणाऱ्या घरातल्या माणसालाही ती ओळ कशाबद्दल आहे ते कळतं.