परकी नटी आपली कशी झाली?



बोलपटांच्या आरंभकाळी नटीची परीक्षा मुख्यतः दोन विषयांत होत असे. गळा गोड आहे काय, हा एक; आणि भाषा शुद्ध आहे काय, हा दुसरा. या दोन्ही विषयांत सहज नापास ठरावी अशी एक ऑस्ट्रेलियन तरुणी १९३५ साली मुंबईच्या पडद्यावर नायिका म्हणून अवतरली आणि हां हां म्हणता लोकप्रिय झाली. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. प्रेक्षक तिला नादिया म्हणून ओळखत. परक्या देशात जन्मलेली ही बाई आपल्या लोकांना आपली का वाटली, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

तिचा जन्म १९०८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात होते. त्यांच्यासमवेत ती १९१३ साली मुंबईस आली. पुढे पहिल्या महायुद्धात वडील कामास आले. तिच्या वाढत्या वयाची काही वर्षे पेशावरकडे गेली आणि तेथे घोड्यावर बसणे व शिकार करणे या गोष्टी तिच्या अंगवळणी पडल्या. १९२८ साली ती मुंबईस परतली. काही दिवस तिने दुकानात विक्रेतीची नोकरी केली. मग मादाम अस्त्रोवा यांच्या मंडळीत नृत्याचे शिक्षण घेऊन ती गावोगावच्या रंगमंचांवर नाचली, आणि १९३० च्या सुमारास झारको सर्कशीतही तिने काम केले. तोल सांभाळणे, उडी घेणे, पडतानाही शरीर ताब्यात ठेवणे ही विद्या तिने अशी प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर कमावली. रंगमंचावर चुकलेली उडी पुन्हा घेता येत नाही; ती शिस्त पुढे पडद्यावर उपयोगी पडली.

वाडिया मूव्हीटोनचे जमशेद वाडिया यांच्यापुढे ती आली, तेव्हा त्यांनी सुचविले की, नाव नंदादेवी घ्यावे आणि काळ्या केसांचा टोप घालून वेणी सोडावी. तिने दोन्ही गोष्टींस नकार दिला. सोनेरी केस व निळे डोळे तसेच ठेवून ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. आरंभी छोट्या भूमिका मिळाल्या. नंतर जमशेद यांचे बंधू होमी वाडिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘हंटरवाली’ १९३५ साली मुंबईत प्रकाशित झाला. जुलमी प्रधानाने गांजलेल्या प्रजेसाठी राजकन्या माधुरी मुखवटा चढविते व हातात चाबूक घेते, अशी ती कथा. पुढल्याच वर्षीच्या ‘मिस फ्रंटियर मेल’ मध्ये धावत्या आगगाडीच्या टपावर तिची मारामारी आहे. १९४० च्या ‘डायमंड क्वीन’ मध्येही नायिका तीच. अशी कामे ती बदली माणूस न घेता स्वतः करी. त्यांत जिवाला धोका होता, हे सांगावयास नकोच.

तिचे हिंदी उच्चार अखेरपर्यंत परकेच राहिले. परंतु पटकथा रचणाऱ्यांनी तिच्या तोंडी लांब भाषणे न घालता तिच्या कृतीवर भर दिला, आणि उणीव होती तेथेच सामर्थ्य निर्माण झाले. अक्षरओळख नसलेल्या श्रमिकास तिचा अभिनय कळत असे. राज्य इंग्रजांचे होते व चित्रपटांवर सरकारी नियंत्रण होते. तरीही पडद्यावरील जुलमी प्रधानात प्रेक्षक कोणास पाहत असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. त्या प्रधानाला एक गोरी स्त्री झोडपीत होती, ही त्यातील मोठी मौज! शिवाय नायिकेने रडत बसावे आणि नायकाने धावून यावे, हा ठराविक क्रम येथे उलटला होता.

सुविद्य कुटुंबांत मात्र असल्या चित्रांस हलक्या प्रतीचे मानण्याची प्रथा होती. खुद्द वाडिया बंधूंतही मतभेद होता: जमशेद यांचा ओढा गंभीर चित्रांकडे, होमींचा साहसी चित्रांकडे. १९४२ च्या सुमारास दोघे विभक्त झाले. परळ येथील त्यांचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांजकडे गेला व तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. होमींनी बसंत पिक्चर्स काढली आणि १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ घेऊन नादिया पुन्हा प्रेक्षकांपुढे आली. होमींच्या घरच्या विरोधामुळे दीर्घकाळ लांबलेला त्या दोघांचा विवाह १९६१ साली झाला. १९६८ च्या ‘खिलाडी’ नंतर तिने काम थांबविले. १९९६ च्या जानेवारीत मुंबईतच तिचे देहावसान झाले. त्यापूर्वी, १९९३ साली, वाडिया घराण्यातील रियाद वाडिया यांनी तिच्या जीवनावर माहितीपट काढला आणि जाणकारांचे लक्ष तिच्याकडे नव्याने वळले.

माझे वास्तव्य नागपूरच्या जरीपटक्यात आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. त्यांनी आपली भाषा, आपले सण टाकले नाहीत. दुकाने थाटली, कष्ट केले आणि ती माणसे नागपूरची झाली. नादियाचे उदाहरण मला याच जातीचे वाटते. तिने नाव किंवा रूप बदलून आपलेपणाचे सोंग घेतले नाही. जे काम येत होते ते जीव ओतून केले, आणि लोकांनी तिला आपले म्हटले. शिवाय तिचे धैर्य लहानपणच्या घोडेस्वारीत व तरुणपणच्या कसरतीत घडलेले होते. आपल्या मुलींना धीट व्हा असा उपदेश करणाऱ्या पालकांनी त्यांना क्रीडांगणावर किती वेळ मिळतो, याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.