टेलिफोनला वीज कोठून मिळते?

आषाढांतली रात्र आहे, बाहेर मुसळधार पाऊस कोसळत आहे, आणि एकाएकीं सगळ्या आळींतले दिवे जातात. घरांत एक वृद्ध मनुष्य आजारी आहे. डॉक्टरांना ताबडतोब बोलावलें पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वीं अशा वेळीं घरांतील कोणीहि चांचपडत टेलिफोनपाशीं जाई, आणि सारें घर अंधारांत बुडालेलें असतांहि तो टेलिफोन बहुधा चालू असे. आज तसें होईलच अशी खात्री देतां येत नाहीं. हें असें कां व्हावें? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं गेलें म्हणजे टेलिफोनच्या साऱ्या यंत्ररचनेंतून एक फेरफटका करावा लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. आपला आवाज तारेंतून जात नाहीं. तारेंतून जातो तो विजेचा प्रवाह. आवाज त्यावर केवळ आपला ठसा उमटवितो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८७६ सालीं पेटंट मिळविलेल्या यंत्रांत हें तत्त्व होतेंच. पण त्याचा आवाज फार क्षीण येई. पुढें एडिसन प्रभृति संशोधकांनीं कोळशाचा उपयोग करून ही उणीव भरून काढली. बोलण्याच्या कर्ण्यांत एका पातळ पडद्यामागें कोळशाचे बारीक कण भरलेले असत. आपण बोलूं लागलों कीं पडदा थरथरे. कण दाबले गेले म्हणजे त्यांतून वीज सुलभपणें वाहे, सैल झाले म्हणजे तिला अडथळा होई. अशा रीतीनें आवाजाच्या लहरींप्रमाणें प्रवाह कमीअधिक होत असे. पलीकडच्या टोंकाला तोच प्रवाह एका विद्युच्चुंबकाभोंवतीं फिरे, चुंबक लोखंडी पडद्याला कमीअधिक ओढी, आणि श्रोत्याच्या कानाशीं पुन्हा आवाज उत्पन्न होई.

पण ठसा उमटवावयास मुळांत प्रवाह हवा. तो कोठून आणावयाचा? १८८२ सालीं मुंबईंत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालें, त्या काळच्या पद्धतींत ज्याची वीज त्याच्याच घरीं असे. भिंतीवरच्या पेटींत विद्युद्घट ठेवीत, आणि एक्स्चेंजमधील घंटा वाजविण्यासाठीं पेटीचा दांडा हातानें फिरवावा लागे. घट कमजोर झाले कीं आवाज बसलाच! हजारों घरांचे घट संभाळण्यापेक्षां एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्यें ठेवावी आणि तेथूनच तांब्याच्या तारेंतून घरोघर वीज पुरवावी, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढें आला आणि सर्वत्र रूढ झाला. ही बॅटरी सुमारें ४८ व्होल्टची असते, आणि शहराचा वीजपुरवठा बंद पडला तरी कांहीं वेळ ती एकटीच भार सोसते. नंतर डिझेलवरचें जनित्र मदतीला येतें. आळींतले दिवे गेले तरी टेलिफोन कां चाले, याचें रहस्य एवढेंच.

याच प्रवाहानें आणखी एक काम केलें. आपण रिसीव्हर उचलला कीं तारेचें वर्तुळ पुरें होऊन प्रवाह वाहूं लागे, आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळे कीं या घरास कांहीं बोलावयाचें आहे. तेथें बसलेली ऑपरेटर नंबर विचारून दोन तारा हातानें जोडी. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रौजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीचें सामान पुरविण्याचा धंदा करीत असे. आपलीं गिऱ्हाइकें ऑपरेटर मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, असें सांगतात. कथा कितपत खरी असेल ती असो. मधल्या माणसाची गरजच नाहींशी करणाऱ्या यंत्राचें पेटंट त्यानें १८९१ सालीं घेतलें खरें, आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट येथें त्या तऱ्हेचें पहिलें एक्स्चेंज उघडलें.

पुढें या पद्धतीला तबकडीची जोड मिळाली. तबकडी फिरवून सोडली कीं परत येतांना ती प्रवाह तोडी: तीनच्या आंकड्याला तीनदां, शून्याला दहादां. समजा, आपणांस २५७३ हा नंबर हवा आहे. दोन झटके मिळतांच एक्स्चेंजमधील पहिला दांडा दोन पायऱ्या वर चढे, आणि त्या मजल्यावर आपणहून फिरून मोकळी वाट शोधी. दुसरा दांडा त्याचप्रमाणें पांच पायऱ्या चढे. शेवटचा दांडा सात पायऱ्या चढून तीन घरें बाजूला सरके, आणि इच्छित घरची घंटा वाजे. हजारों दांड्यांचा हा खडखडाट कित्येक दशकें जगांतील शहरांत अहोरात्र चालू होता.

आतां तो थांबला आहे. आज आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळां मोजला जातो, प्रत्येक मापाचा आंकडा बनतो, आणि ते आंकडे प्रकाशाच्या लुकलुकीच्या रूपानें केंसासारख्या बारीक कांचतंतूंतून धांवतात. यांत लाभ मोठा आहे. एका तंतूंतून असंख्य संभाषणें एकाच वेळीं जाऊं शकतात. मात्र तांब्याची तार निरोपाबरोबर शक्तीहि आणीत असे. कांच केवळ निरोप आणते. म्हणून कांचतंतूचा टेलिफोन ज्या लहानशा पेटीला जोडलेला असतो, तिला आपल्याच घरची वीज लागते. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं घराबाहेर गेलेला विद्युद्घट असा पुन्हा आपल्याच दारीं आला आहे! खिशांतला मोबाइलहि याला अपवाद नाहीं. त्याची बॅटरी आपली, आणि त्याच्या मनोऱ्याची बॅटरी कांहीं तासांचीच सोबतीण.

तेव्हां पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें एवढें अवश्य पाहावें: आपल्या घरीं तांबें येतें कीं कांच? कांच येत असेल, तर त्या पेटीसाठीं दिवे गेल्यावर चालणारी एक लहान बॅटरी ठेवावी. आणि घरांतला एक तरी मोबाइल रात्रीं पूर्ण भरलेला असावा. टेलिफोनची खरी किंमत दुपारच्या गप्पांत कळत नाहीं. ती कळते आषाढांतल्या अंधाऱ्या रात्रीं, आपली हांक पलीकडे पोंचते कीं नाहीं या एका क्षणांत.