धनुष्याचे अवयव आणि त्यांचीं नांवें

कोणत्याहि विद्येंत प्रवेश करावयाचा म्हणजे प्रथम त्या विद्येचे शब्द शिकावे लागतात. पळी आणि झारा यांतला भेद ज्याला ठाऊक नाहीं त्याला पाककृति सांगून उपयोग नसतो. मागाजवळ बसून ताणा कोणता व बाणा कोणता हें ज्याला कळत नाहीं त्याला विणकाम समजत नाहीं. धनुर्विद्येची गोष्ट निराळी नाहीं. पण या विद्येच्या बाबतींत आपली स्थिति मोठी चमत्कारिक झाली आहे. शब्द आपल्याजवळ भरपूर आहेत. विद्याहि आपल्या मुलामुलींनीं नव्यानें हस्तगत केली आहे. मात्र त्या दोहोंची एकमेकांशीं ओळख उरलेली नाहीं.

विद्या हस्तगत केली हें मी उगीच म्हणत नाहीं. २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेस बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें एकाच दिवशीं आपापल्या गटांत जगज्जेतीं ठरलीं. अदितीचें वय त्या वेळीं अवघें १७ वर्षांचें होतें. ओजसनें अंतिम सामन्यांत १५ बाणांत १५० पैकीं १५० गुण मिळविले. त्यापूर्वीं, २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत सरडे गांवचा प्रवीण जाधव भारतातर्फें खेळला. हें सरडे फलटण तालुक्यांतलें. आणि फलटण तालुका आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुक्याला लागूनच आहे.

तेव्हां आज सोलापुरांतल्या एखाद्या घरीं मुलीनें धनुर्विद्या शिकण्याचा हट्ट धरला तर आईबापांना नवल वाटण्याचें कारण नाहीं. नवल वाटेल तें मैदानावर गेल्यावर. तेथें त्यांच्या कानांवर रायझर, लिम, नॉक, स्ट्रिंग, टॅब, क्विव्हर असे शब्द पडतील. यांपैकीं 'लिम' हा शब्द मराठी तोंडीं सहजच 'लिंब' होतो. आणि धनुष्याला दोन लिंब कशासाठीं, असा प्रश्न मुलाला पडला तर त्यांत त्याचा दोष नाहीं. इंग्रज मुलाला 'लिम' म्हणजे हात किंवा पाय हें घरींच कळलेलें असतें. म्हणून धनुष्याचे दोन हात वांकतात ही गोष्ट त्याला शब्दाबरोबरच समजते. आपल्या मुलाला तोच शब्द नुसता ध्वनि म्हणून पाठ करावा लागतो. अर्थ हरपतो, आणि अर्थाबरोबर त्या अवयवाचें कार्यहि दृष्टीआड होतें.

वास्तविक सोलापुरांत धनुष्याला एक सोडून चार नांवें आहेत. मराठी माणूस धनुष्य म्हणतो; कानडी बोलणारा 'बिल्लु' म्हणतो; पूर्वभागांतील तेलुगु विणकर 'विल्लु' म्हणतो. बिल्लु आणि विल्लु हा एकच शब्द. व-काराचा ब-कार झाला एवढाच फरक. चौथें नांव 'कमान', तें फारशींतून आलें. तीर आणि तिरंदाज हे शब्दहि तिकडचेच. खानदेशांतील भिल्लांच्या शस्त्राला आपण तीरकामठा म्हणतों; त्यांतला तीर परका आणि कामठा देशी. पतंगाच्या पाठीवर जी बांबूची कामटी बसवितात ती याच घराण्यांतली.

धनुष्याचें तत्त्व समजावून घेण्यासहि लांब जावयास नको. खांद्यावर कमान टाकून तिची तांत वाजवीत गल्लींतून फिरणारा पिंजारी ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना तें चटकन् उमगेल. पिंजाऱ्याच्या कमानीचें लांकूड जाड व ताठ असतें, तें वांकत नाहीं. तिची तांत मात्र लांकडी ठोकणीचा आघात होतांच थरथरते आणि कापूस मोकळा करते. धनुष्यांत सर्व प्रकार याच्या उलट असतो. तेथें वांकावयाचें तें लांकडानें, आणि दोरीनें होईल तितकें कमी ताणलें जावयाचें. आपण दोरी सावकाश ओढतों तेव्हां हाताचे श्रम धनुष्याच्या दोन बाहूंत सांठतात; दोरी सोडतांच ते क्षणार्धांत बाणाला मिळतात. दोरीचें काम केवळ निरोप्याचें.

म्हणूनच या विद्येंतला पहिला नियम असा, कीं बाण लावल्यावांचून ओढलेली दोरी कधींहि सोडूं नये. घेणारा बाणच नसला म्हणजे सांठलेली सारी शक्ति धनुष्यांतच उसळते. धनुष्याची क्षणभर पिंजाऱ्याची कमान होते. पण तें तितकें ताठ नसल्यामुळें त्याचे बाहू तडकतात किंवा दोरी तुटून चेहऱ्यावर येते.

आतां अवयवांकडे वळूं. अमरकोशांत धनुष्याच्या मध्यभागाला, म्हणजे मुठीच्या जागेला, 'लस्तक' असें नांव आहे. धनुष्याच्या टोंकाला 'कोटि' किंवा 'अटनी' म्हणतात. दोरीचा फांस अडकवितात तो तेथें. मधली मूठ आणि दोन कोटि यांच्यामध्यें जे वांकणारे भाग, ते बाहू. आधुनिक धनुष्य तीन तुकड्यांत सुटें होतें तें याच ठिकाणीं: मधला दांडा धातूचा, आणि त्याला बसविलेले दोन बाहू कांचतंतू, कारबन व लांकूड यांचे थर चिकटवून केलेले. साहित्य बदललें, विभागणी तीच राहिली.

दोरीचीं नांवें तर कितीतरी आहेत: ज्या, जीवा, मौर्वी, शिंजिनी, प्रत्यंचा, गुण. यांतलें प्रत्येक नांव कांहीं सांगतें. मूर्वा नांवाच्या वनस्पतीच्या तंतूंची म्हणून मौर्वी. झणत्कार करते म्हणून शिंजिनी. 'जीवा' हा शब्द तर महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलाला शाळेंत भेटतो. वर्तुळाच्या परिघावरील दोन बिंदु जोडणाऱ्या रेषेला जीवा कां म्हणावयाचें? तर परिघाचा तुकडा हें धनुष्य, आणि त्याची दोन टोंकें जोडणारी रेषा ही त्याची दोरी. आपल्या प्राचीन गणित्यांनीं तुकड्याला चाप, दोरीला ज्या आणि मधल्या उंचीला शर म्हटलें. सारी आकृति धनुष्यावरूनच उचलली. मुलांनीं जीवा पाठ केली, परंतु ती धनुष्याची दोरी आहे हें त्यांना बहुधा कोणी सांगितलेलें नसतें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि जनावरांचे स्नायु असे पदार्थ सांगितले आहेत; आणि धनुष्यें ताडाचीं, बांबूचीं, लांकडाचीं व शिंगाचीं. शिंगाचें तें शार्ङ्ग. विष्णूच्या धनुष्याचें हें नांव म्हणजे मुळांत साहित्याचें वर्णन आहे. आजची दोरी कृत्रिम तंतूंची असते, पण तिची रचना सोलापूरच्या श्रोत्यांना एका वाक्यांत सांगतां येते: प्रत्यंचा म्हणजे नुसता ताणा, तींत बाणा नाहीं. अनेक धागे शेजारीं शेजारीं सारख्या ताणानें घेतात, त्यांना थोडा पीळ देतात, मेण चोळतात, आणि जेथें बाण बसतो व बोटें लागतात तेथें वरून दुसरा धागा घट्ट गुंडाळतात. एखादा धागा सैल राहिला तर त्याच्या वांट्याचा भार इतरांवर पडतो, हें मागावर काम करणाऱ्याला निराळें सांगावयास नको.

स्पर्धेंत दोन जातींचीं धनुष्यें प्रामुख्यानें दिसतात. पहिल्या जातींत बाहूंचीं टोंकें नेमबाजापासून दूर, उलट दिशेला वळलेलीं असतात. या वळणामुळें दोरी ओढतांना अधिक शक्ति सांठते. प्रवीण जाधव टोकियोला खेळला तें हें धनुष्य. दुसऱ्या जातींत दोन्ही टोंकांना विषम आकाराचीं चक्रें बसविलेलीं असतात. त्याला आपण चक्रधनुष्य म्हणूं. त्याची गंमत अशी, कीं दोरी ओढतांना आरंभीं भार वाढत जातो, परंतु ओढ पूर्ण होतांच चक्रें फिरून तो बराचसा उतरतो. नियमानुसार ६० पौंडांपर्यंतचें धनुष्य घेतां येतें. तें पूर्ण ओढल्यावर हातावर १५-२० पौंडांच्या आसपासच भार राहतो, आणि नेम धरावयास निवांतपणा मिळतो. अदिती आणि ओजस यांचें अजिंक्यपद या धनुष्याचें. २०२८ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीं चक्रधनुष्याचा मिश्र जोड्यांचा सामना प्रथमच स्वीकारण्यांत आला आहे.

बाणाकडे पाहूं. 'शर' हें मुळांत एका बोरूसारख्या गवताचें नांव. त्याचा बाण करीत म्हणून बाणहि शर झाला. बाणाच्या दांड्याला संस्कृतांत 'कांड' म्हणतात, आणि उंसाचें कांडें ज्या जिल्ह्यांत घरोघर ठाऊक आहे तेथें हा शब्द परका वाटूं नये. पुढच्या टोंकाला फल, मागच्या पिसांच्या भागाला पुंख. पिसांमुळें बाणाचा मागचा भाग हवेंत किंचित् मागें खेंचला जातो व बाण सरळ राहतो. पिसें जराशीं तिरपीं बसविलीं तर तो स्वतःभोंवतीं फिरतोहि. अगदीं शेवटीं दोरी बसण्यासाठीं खांच असते.

बाणाविषयीं एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं. दोरी बोटांतून निसटतांना थोडी बाजूला सरते, आणि मागून जोराचा धक्का बसल्यामुळें बाण माशासारखा लवतो व धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढें जातो. तो किती लवावा हें धनुष्याच्या भारावर ठरतें. हलक्या धनुष्याला ताठ बाण किंवा जड धनुष्याला मऊ बाण दिला तर उत्तम नेमहि एका बाजूला जातो. मोठ्या भावाचे बाण धाकट्या बहिणीला देऊन काटकसर करूं पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. बहिणीचा नेम चुकतो आणि बोल तिच्या हाताला लागतो.

शरीराच्या रक्षणाचीं साधनें दोन. सुटलेली दोरी डाव्या हाताला चाटूं नये म्हणून बांधावयाचें तें 'गोधा'. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या कातड्यावरून हें नांव आलें असावें. उजव्या हाताच्या बोटांसाठीं 'अंगुलित्राण'. महाकाव्यांतील योद्ध्यांच्या वर्णनांत हे दोन शब्द जोडीनें येतात, आणि आजच्या खेळाडूच्या अंगावरहि हीं दोन साधनें जोडीनेंच असतात. मात्र ओढण्याची रीति बदलली आहे. आज तर्जनी, मध्यमा व अनामिका या तीन बोटांनीं दोरी ओढतात. अंगठ्याला काम नाहीं. एकलव्याची कथा ज्या काळची त्या काळीं अंगठ्याला केवढें महत्त्व होतें हें त्या कथेवरूनच दिसतें. चक्रधनुष्यासाठीं तर बोटांऐवजीं हातांत धरावयाचा एक लहानसा खटका वापरतात.

बाण ठेवावयाचा तो भाता. लोहाराचा भाता आणि योद्ध्याचा भाता हीं एकाच 'भस्त्रा' शब्दाचीं लेंकरें. भस्त्रा म्हणजे कातड्याची पिशवी. एकींत वारा भरला, दुसरींत बाण.

ऑलिंपिकमध्यें लक्ष्य ७० मीटर दूर असतें. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर, आणि दहा गुणांचें मधलें वर्तुळ अवघें १२.२ सेंटिमीटरांचें. पुरुष खेळाडूंचें धनुष्य बहुधा ४५ ते ५० पौंडांचें असतें. हा आंकडा ऐकून नवशिक्या मुलाला जड धनुष्य घेऊन देणें ही सर्वांत घातक हौस होय. १६ ते २० पौंडांचें धनुष्य आरंभाला पुरेसें आहे. जड धनुष्य ओढतांना खांदा वर उचलला जातो, पाठ वांकडी होते, आणि ती खोड पुढें वर्षानुवर्षें जात नाहीं.

इंग्रजी शब्द हद्दपार करावे असें माझें म्हणणें नाहीं. स्पर्धेचे नियम त्या भाषेंत आहेत आणि बर्लिनला जाणाऱ्या मुलीला ते आलेच पाहिजेत. परंतु बर्लिनला एखादीच जाते. मैदानावर येणाऱ्या बाकीच्या मुलांना ही विद्या समजून घेण्याचा हक्क तितकाच आहे. शिक्षकांनीं पहिल्या दिवशीं बाण हातीं देण्यापूर्वीं मूठ, बाहू, कोटि, जीवा, पुंख आणि खांच हीं सहा नांवें मुलांना धनुष्यावर बोट ठेवून दाखवावीं आणि प्रत्येकाचें काम विचारावें. मग इंग्रजी शब्द खुशाल सांगावे. तोंवर तो ज्याचा आहे तो अवयव मुलाच्या ओळखीचा झालेला असेल.