या ट्रकचे चाक त्या ट्रकला बसेल का?

रस्त्याच्या कडेला जॅकवर उचलून धरलेला ट्रक तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. समजा, त्याची स्टेपनीही निकामी झाली आहे आणि मागून आलेल्या दुसऱ्या ट्रकचा चालक आपले जादा चाक देऊ करतो. चाक तेवढेच मोठे दिसते, भोकेही तेवढीच आहेत. ते बसेल का? नट आवळले गेले म्हणजे चाक बसले, असे पुष्कळांना वाटते. पण ही निम्मीच परीक्षा झाली. उरलेली निम्मी कोणती, ते आज आपण पाहू. त्यासाठी शाळेतील भूमिती आणि घर्षणाचा धडा एवढी तयारी पुरे.

भोकांचे वर्तुळ

ट्रकच्या चाकात बाहेर रबरी टायर, त्याच्या आत पोलादी रिम आणि रिमच्या मध्ये जोडलेली जाड तबकडी असते. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा ट्रकला हब. हबवर गोलाकार बसवलेले बोल्ट तबकडीच्या भोकांतून बाहेर येतात आणि त्यांवर नट आवळतात. भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ही आपली पहिली संख्या. बऱ्याच मोठ्या ट्रकांत भोके 10 आणि हा व्यास 335 मि.मी. असतो. अमेरिकी पद्धतीच्या मोठ्या चाकांतही भोके 10च, पण व्यास 285.75 मि.मी., म्हणजे सव्वाअकरा इंच. तेव्हा नुसती भोके मोजून भागत नाही.

हा व्यास मोजायचा कसा? भोकांची संख्या सम असेल तर काम सोपे. एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर मोजा, तोच व्यास. पण जीपसारख्या गाडीला भोके 5 असतात आणि कोणत्याही भोकासमोर दुसरे भोक येत नाही. अशा वेळी शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधील अंतर घ्या. ते अंतर म्हणजे वर्तुळाची जीवा. भोकांची संख्या न असेल तर

जीवा = व्यास × साइन (180°/न)

5 भोकांसाठी साइन 36° म्हणजे 0.588. जीपच्या चाकावर ही जीवा 82.1 मि.मी. भरते, म्हणून व्यास 82.1 ÷ 0.588, म्हणजे सुमारे 139.7 मि.मी., अर्थात साडेपाच इंच.

येथे थोडासा फरकही चालत नाही. अमेरिकेतील 8 बोल्टांच्या दणकट पिकअप ट्रकांत हा व्यास पूर्वी बहुधा 165.1 मि.मी., म्हणजे साडेसहा इंच असे. फोर्डने आपल्या अशा ट्रकांसाठी 1999 पासून 170 मि.मी. घेतला, तर जनरल मोटर्सने 2011 पासून 180 मि.मी. पहिल्या दोघांच्या त्रिज्यांत फरक अवघा 2.45 मि.मी. आहे. डोळ्यांना तो दिसतही नाही. पण जबरदस्तीने चाक बसवू गेल्यास प्रत्येक बोल्ट तिरका ओढला जातो आणि नट एकाच बाजूला टेकतो.

मधले भोक आणि नटाची बैठक

तबकडीच्या मध्यभागी एक मोठे भोक असते. हबचा पुढे आलेला भाग त्यात शिरतो. टोयोटाच्या हायलक्स या छोट्या ट्रकला आणि शेव्हरोले कंपनीच्या सिल्व्हराडो 1500 या ट्रकला 6 बोल्ट व 139.7 मि.मी. व्यासाचे वर्तुळ असते. या दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या. परंतु मधले भोक पहिल्याच्या चाकाला सुमारे 106 मि.मी., तर दुसऱ्याच्या चाकाला सुमारे 78 मि.मी. असते. शेव्हरोलेचे चाक टोयोटाच्या हबवर चढणारच नाही. उलट टोयोटाचे चाक शेव्हरोलेवर चढेल, पण भोवती 14 मि.मी. फट राहील. म्हणजे 'अ'चे चाक 'ब'ला चढते, यावरून 'ब'चे 'अ'ला चढेल असे ठरत नाही!

फट राहिली तर बिघडले काय? चाक बरोबर मध्यावर कशाने येते, यावर ते अवलंबून आहे. जुन्या रचनेत नटाचे टोक शंकूसारखे किंवा गोलाकार असते. ते भोकाच्या तशाच खोलगट कडेत बसते आणि चाक मध्यावर येते. नव्या मोठ्या ट्रकांत हे काम हबची कड करते आणि नट सपाट बुडाचे असतात. सपाट नट खोलगट भोकावर आवळला तर तो अरुंद कडेवर टेकतो. हाताला तो घट्ट लागतो. पण थोड्या धावेनंतर कड दबते आणि नट सैल होतो.

भार कोण पेलतो?

आता मुख्य प्रश्न. ट्रकचे वजन बोल्टांवर टांगलेले असते काय? नाही. नट आवळला की बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तबकडीला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षणच चाकाला जागचे हलू देत नाही.

गणित करून पाहू. 22 मि.मी. व्यासाचा बोल्ट 600 न्यूटन-मीटर परिबलाने आवळला, तर त्यात साधारण 1,36,000 न्यूटन ताण येतो. असे 10 बोल्ट मिळून 13,60,000 न्यूटन. घर्षणगुणांक 0.15 धरला तर घर्षणबल सुमारे 2,04,000 न्यूटन. चाकांच्या एका जोडीवर 5 टन भार असेल तर तो सुमारे 50,000 न्यूटन. घर्षण त्याच्या चौपट आहे. खड्डे आणि ब्रेक यांसाठी ही शिल्लक हवीच.

पण यासाठी बोल्ट किती ताणला गेला? दाबल्या गेलेल्या भागाची जाडी 40 मि.मी. धरल्यास पोलादाच्या स्थितिस्थापकतेवरून उत्तर येते सुमारे 0.08 मि.मी. म्हणजे केसाच्या जाडीएवढे! सारा ट्रक या केसभर ताणावर विसंबून आहे. तबकडी आणि हब यांच्यामध्ये रंगाचा जाड थर, गंज किंवा माती राहिली आणि धक्क्यांनी ती 0.04 मि.मी. दबली, तर निम्मा दाब गेलाच. मग चाक किंचित सरकू लागते, बोल्ट मागेपुढे वाकतात, झिजतात आणि एखाद्या उतारावर तुटतात. म्हणून चाक बदलताना पृष्ठे घासून स्वच्छ करतात आणि थोडे अंतर गेल्यावर नट पुन्हा तपासतात.

जुळी चाके

मागच्या आसावर दोन दोन चाके जोडीने असतात. रिमच्या मध्यरेषेपासून तबकडीचे टेकणारे पृष्ठ जितके बाजूला असते, त्यावर दोन टायरांमधील फट ठरते. हे अंतर एका चाकात 10 मि.मी.ने कमी असेल तर फटही तेवढीच कमी होते. भाराने फुगलेल्या टायरांच्या बाजू मग एकमेकींवर घासतात, तापतात आणि फुटतात.

टायरचे मापही सारखे हवे. 9.00-20 आणि 10.00-20 हे दोन्ही टायर 20 इंची रिमांचे, पण त्यांचे व्यास सुमारे 102 आणि 105.5 सें.मी. आहेत. एका फेऱ्यात 11 सें.मी.चा फरक पडतो. एका किलोमीटरला सुमारे 307 फेरे होतात. म्हणजे फरक जवळजवळ 34 मीटर! बिनभाराच्या व्यासावरून काढलेला हा अंदाज आहे. भाराखाली तो कमी होईल. तरीही जोडीतील चाके एकत्रच फिरत असल्याने एका टायरला रस्त्यावर घासत जावे लागते आणि मोठ्या टायरवर जास्त भार येतो.

यांखेरीज चाकावर कोरलेली भारक्षमता आणि बोल्टांचे आटेही पाहावे लागतात. कित्येक जुन्या ट्रकांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात.

आता तुमच्यासाठी एक काम. पुठ्ठ्यावर 139.7 मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढून त्यावर समान अंतरावर 5 भोके पाडा. जीवा मोजून व्यास पुन्हा काढा. मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर व्यासात किती चूक येते? आणि हीच चूक 10 भोकांच्या चाकावर शेजारची भोके मोजताना झाली तर? उत्तर काढलेत की मोठ्या चाकाची समोरासमोरची भोके का मोजावीत, हे तुम्हीच वर्गाला समजावून सांगू शकाल.