मॅगव्हीलवरचा डिंक काढताना

चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, की जुनं वजन काढलेल्या जागी काळपट, रबरासारखा चिकट पट्टा उरतो. कळंब्यात गारगोटी रस्त्यावर टायरच्या दुकानासमोर उभं राहून विचारा, चार इलाज फुकटात मिळतील. थिनर मार. स्क्रूड्रायव्हरनं खरवड. पेट्रोलचं फडकं फिरव. लिंबाची फोड घास. आणि वर, ‘धातूच हाय, काय हुतंय त्याला?’

सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांनी वाढवलेल्या कोल्हापुरात चाक म्हणजे ओतीव धातू, असंच डोक्यात बसणार. पण रंगवलेल्या मॅगव्हीलवर आपला हात अ‍ॅल्युमिनियमला लागतच नाही. वर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक लॅकर. सगळे थर मिळून जेमतेम एखाद्या कागदाइतके जाड. डिंक चिकटलेला असतो तो या थरांना. म्हणून इलाज धातूला सोसेल का, हे विचारून भागत नाही. लॅकरला सोसेल का, ते बघावं लागतं.

थिनरनं डिंक निघतो, हे खरंच आहे. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोननंही निघतो. पण वजनाच्या पट्टीचा डिंक बहुधा अ‍ॅक्रिलिक असतो आणि बऱ्याच चाकांचं लॅकरही त्याच कुळातलं. कंपनीत भट्टीत पक्का झालेला थर एखादा झटपट हात सोसून जातो; म्हणूनच ‘माझ्या चाकाला काही झालं नाही’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो. तोच हात गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या चाकावर फिरला, की लॅकर मऊ पडतं, पांढुरकं होतं, कधी सुरकुततं. पेट्रोलचा धोका चाकापेक्षा माणसाला जास्त. त्याची वाफ ऐन थंडीतही पेटते, आणि काम चालतं ते बहुतेक विडी-सिगारेटच्या संगतीत.

लिंबाबद्दलची समजूत तर अर्धी खरी आहे. रसातल्या सायट्रिक आम्लानं डिंक सुटत नाही. डिंक मऊ करणारं लिमोनीन सालीच्या तेलात असतं आणि एका फोडीत ते किती असणार? दसऱ्याला चाकाखाली ठेवलेल्या लिंबाचं काम वेगळं, ते त्याला करू द्यावं. कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र चाकाजवळही आणू नये. अ‍ॅल्युमिनियमला अल्कही खातं आणि आम्लही. लॅकरला बारीक चीर असली तरी तिथून आत शिरतं.

खरवडण्याचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ओरखड्यातून पाणी लॅकरखाली जातं. कोल्हापूरचा पावसाळा आहेच, शिवाय गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला गेलेली गाडी खाऱ्या हवेत उभी राहते. मग लॅकरच्या आत अळीच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेषा सरकू लागतात. तो गंज असतो आणि पॉलिशनं जात नाही.

डिंक सैल होतो तो उबेनं. गाडी सावलीत, चाक गार असताना आधी साबणाच्या पाण्यानं धुवावं. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची बारीक पूड डिंकात रुतलेली असते. न धुता घासलं तर तीच सँडपेपर होते. मग केस वाळवायचा ड्रायर मिनिट-दोन मिनिटं धरायचा. चाकाला हात टेकवता येईल इतकीच ऊब हवी. हीट गन आणि ब्लोलँप नकोत. डिंक मऊ झाला, की अंगठ्यानं रेटत न्यावा, त्याच्या वळ्या होऊन निघतात. राहिलेल्याला जुनं एटीएम कार्ड. तरीही थर उरलाच, तर टार रिमूव्हर किंवा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन फडक्याला लावून पाचेक मिनिटं ठेवायचं. आधी चाकाच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहावं. काम उघड्यावर, आगीपासून लांब. चाकावर थेट फवारा मारू नये, कारण तेलकट थेंब ब्रेकच्या डिस्कवर गेला तर ब्रेक लागायचा नाही. शेवटी पुन्हा साबणानं धुवायचं.

आणि जे वजन अजून चिकटून आहे, ते स्वच्छतेच्या नादात उपटू नका. बरेच जण त्याला ‘शिसं’ म्हणतात. युरोपनं मोटारींच्या चाकांवर शिशाच्या वजनांना २००५ पासून बंदी घातली आणि आता पोलादी, जस्ताची वजनंही सर्रास दिसतात. कशाचंही असो, ते गेलं की हायवेवर वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागतं. जुन्या डिंकावरच नवी पट्टी दाबणाऱ्या कारागिराला तिथंच थांबवा. अशी पट्टी खड्ड्यात सुटते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, कोरडी करून मगच वजन दाबून बसवायचं. अ‍ॅक्रिलिक डिंकाला पुरती पकड यायला साधारण ७२ तास लागतात, तेव्हा बॅलन्सिंग करून येताना वाटेत वॉशिंग सेंटर दिसलं तरी प्रेशरचं पाणी तीन दिवसांनीच.